शिखर, मंडप आणि गटार
(जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने तळवडे येथे ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कळस चढला, पंगती उठल्या, पाहुणे तृप्त झाले. अशा मंगल दिवशी पैशाचा विषय काढू नये, असे इथे येण्यापूर्वी दोघातिघांनी मला सुचविले. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु या कामाच्या खर्चावरून आपल्या बैठकींत जे वाद झाले, ते सगळ्या आळ्यांनी ऐकले आहेत. आता स्मरणिकेत नुसती देणगीदारांची यादी आणि फोटो छापले, तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल की हे देऊळ सर्वांच्या एकमुखाने उभे राहिले. तसे ते राहिलेले नाही, आणि त्यात लाजण्यासारखे काही आहे असेही मला वाटत नाही. म्हणून वादावरच चार शब्द बोलतो.

आपल्यात तीन पक्ष होते. पहिला शिखरवाल्यांचा. देहू-आळंदी रस्त्याने जाणाऱ्या वारकऱ्याला लांबूनच शिखर दिसले पाहिजे, त्याचा हात आपोआप जोडला गेला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. दुसरा मंडपवाल्यांचा. सप्ताहात कीर्तनाला माणसे बाहेर उन्हात बसतात, गरिबाघरच्या लग्नाला जागा नाही, तेव्हा आधी मंडप मोठा करा. तिसरा पक्ष संख्येने लहान, त्यात बायकाच अधिक. देवळामागे पावसाचे पाणी तुंबते, त्याला गटार काढा आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह बांधा, एवढेच त्यांचे मागणे. त्यांना कोणी थट्टेने गटारवाले म्हटले, ते नावच पडले.

तिघांचेही म्हणणे खरे होते. म्हणूनच वाद लांबला. एकाचे खोटे असते तर एका बैठकीत निकाल लागला असता.

आता देणगीचा स्वभाव पाहा. कळसासाठी पैसे द्यावयास माणसे आपण होऊन येतात. मंडपाच्या खांबाला नावाची पाटी लागते, पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव लिहिता येते. पण ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ गटार’ अशी पाटी मी तरी कोठे पाहिलेली नाही. आणि एखाद्याने कळसासाठी म्हणून दिलेला पैसा गटाराकडे वळविणे योग्यही नव्हे. देणाऱ्याचा हेतू विश्वस्तांना पाळावाच लागतो. त्यामुळे पेटीत पैसे असूनही तिसऱ्या कामाला पैसा नाही, अशी स्थिती झाली. ही कोणाची लबाडी नव्हती. पण पावती फाडतानाच ‘सर्वसाधारण निधी’ असा एक रकाना ठळक ठेवला असता, तर निम्मे भांडण तिथेच मिटले असते.

उरलेले भांडण दरावरून झाले. कोटेशनमध्ये चौरस फुटाचा जो दर आहे तो जीएसटी धरून की सोडून? ठेकेदाराच्या बिलावर अठरा टक्के म्हणजे लाखाला अठरा हजार, ही काही दुर्लक्ष करण्याजोगी रक्कम नव्हे. सिमेंटवरचा जीएसटीही २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वर आला. म्हणजे त्याआधी केलेले अंदाजपत्रक नंतर तसेच धरून चालत नाही. शिवाय ‘जास्तीचे काम’ नावाचा एक प्रकार असतो. मूळ कागदात नसलेली पायरी, कठडा, कोनाडा मागाहून निघतो, आणि तो कोणी सांगितला हे कोणालाच आठवत नाही. मी कारखान्याच्या हिशेब खात्यात उमर घालविली, तेव्हा एवढे सांगतो की तोंडी सांगितलेल्या कामाचे बिल हे सर्वांत महाग बिल.

एवढी वर्षे गावात वाद होत नव्हते काय? होत होते. पण ते ग्रामपंचायतीत होत. १९९७ साली आजूबाजूच्या गावांबरोबर तळवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले आणि आपली ग्रामपंचायत संपली. योगायोग असा की, घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळून तेव्हा उणीपुरी चारच वर्षे झाली होती. खेड्यांना सभा मिळाली आणि आपली गेली. रस्ते आले, नळ आले, आयटी पार्क आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गावच्या पैशाचा हिशेब समोर मांडून ‘हे आधी की ते आधी’ असे माणसामाणसांनी ठरविण्याची जागा राहिली नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचे अंदाजपत्रक प्रशासकानेच मांडले व प्रशासकानेच मंजूर केले. हजारो कोटींच्या त्या कागदावर आपल्यापैकी कोणी बोट ठेवू शकला नाही. मग ज्या एका कागदावर बोट ठेवता येते, तो देवळाचा! म्हणून मंडळी, या बैठकींत आवाज चढले याचे मला वाईट वाटले नाही. गावाची सवय अजून मोडलेली नाही, एवढेच त्यातून दिसले.

मात्र ज्या कागदावर आपण भांडलो, त्यात एक रकाना मुळातच नव्हता. बांधल्यानंतर पुढे काय, हा तो रकाना.

जुनी माणसे याबाबतीत आपल्यापेक्षा हिशेबी होती. देऊळ बांधले की त्याच्या दिवाबत्तीची, पूजेची आणि डागडुजीची सोय लावून दिली जाई. कोठे जमीन इनाम, कोठे अख्खे गाव. इंद्रायणीकाठच्या देहू संस्थानाला आणि इकडे चिंचवडच्या देवस्थानाला गावे इनाम होती, ती याच कारणाने. आपण मात्र देणगी गोळा करतो, बांधतो, आणि पुढचे देवावर सोपवितो.

शहरातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना हे स्वातंत्र्य नाही. त्यांच्या आदर्श उपविधींत बांधकामखर्चाच्या पाऊण टक्का रक्कम दरसाल दुरुस्तीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारत जुनी झाल्यावर लागणाऱ्या मोठ्या खर्चासाठी, बाजूला काढावी असे आहे. हाच हिशेब देवळाला लावून पाहू. समजा चाळीस लाखांचा मंडप आहे. दुरुस्तीचे वर्षाला तीस हजार आणि सिंकिंग फंडाचे दहा हजार, मिळून चाळीस हजार. महिन्याला सव्वातीन हजारांच्या वर. यात वीज नाही, झाडूवाल्याचा पगार नाही, पाण्याची मोटर नाही. हा आकडा आधी समोर असता, तर मंडपवाल्यांनी मंडपाची मागणी सोडली असती असे नव्हे. पण तो किती मोठा असावा याचा विचार शांतपणे झाला असता. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातही ठरावीक मर्यादेहून अधिक उत्पन्नाच्या विश्वस्त संस्थेने वर्ष सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रक सादर करावे आणि त्यात मालमत्तेच्या देखभालीची पुरेशी तरतूद असावी, असे आहे. कायद्याने सांगितलेच आहे, तर तो रकाना आपण मनापासून भरू.

आता आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण देतो, कारण त्याचा आरंभ देवस्थानच्या जमिनीवरच झाला. पुरंदर तालुक्यातले नायगाव. १९७२ चा दुष्काळ येथे बसलेल्या वृद्धांना आठवत असेल. खडी फोडायला गेलेले हातही या मांडवात असतील. पुण्याचे इंजिनियर आणि कारखानदार विलासराव साळुंखे यांनी तो पाहिला आणि नायगावच्या देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. तेथे बांधबंदिस्ती केली, पाणी अडविले, विहीर खणली, आणि थोड्या पाण्यावर पिके काढून दाखविली. ते पाहून आसपासच्या गावांनी सामूहिक उपसा योजना मागितल्या. यालाच पुढे पाणी पंचायत म्हणू लागले.

मला त्यातील पाण्यापेक्षा पैशाचा आणि हक्काचा नियम मोलाचा वाटतो. योजना करावयाची तर खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतःच्या खिशातून आधी घालावयाचा. निम्मे सरकारी अनुदान आणि उरलेले तीस टक्के साळुंखे यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्जाऊ. पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. उसाला पाणी नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्याचा हिस्सा! हे नियम सहज मान्य झाले असतील असे कोणी समजू नये. वीस एकरवाल्याने भूमिहीनाइतकेच पाणी घ्यावे, ही गोष्ट गावात बोलून दाखविण्यालाही छाती लागते. पण त्यांची पद्धत अशी की नियम आधी ठरावयाचा, पाइप मागाहून. आणि ज्याने वीस टक्के स्वतःचे घातले आहेत तो पाइपाचा भाव विचारतोच. त्याला वेगळे जागे करावे लागत नाही.

साळुंखे २००२ साली गेले. त्या सर्व योजना आज जशाच्या तशा चालतात असा माझा दावा नाही. वीजबिल थकून बंद पडलेल्या उपसा योजना महाराष्ट्रात ढिगाने आहेत. बांधायला अनुदान मिळाले, चालवायला मिळाले नाही. म्हणजे पुन्हा तोच रिकामा रकाना.

नायगावचा भूमिहीन आपल्याकडे कोण, याचाही विचार करू. रुपीनगर, ज्योतिबानगर भागात भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार. कोणी बीड-लातूरहून आला, कोणी विदर्भातून, कोणी बिहारमधून. सप्ताहाची वर्गणी तो देतो. पहाटे कामावर जाताना देवळाच्या नळावर पाणी पितो. त्याची बायको आरतीला येते, आणि स्वच्छतागृहाची गरज तिला आपल्या घरच्या लेकीसुनांइतकीच आहे. पण बैठकीत तो मागे उभा असतो. विश्वस्त कोण व्हावे याची घटना ठरलेली आहे, तिला मी हात लावत नाही. परंतु बांधकाम समिती आपणच नेमतो. तीत दोन जागा या मंडळींना आणि निदान दोन स्त्रियांना दिल्या तर कोणाचा मान कमी होणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव सर्वांची संमती झाल्याखेरीज निर्णय घेत नाही, बहुमतावर काम रेटत नाही. मी हे बोललो तेव्हा एक आबा म्हणाले, “तसे केले असते तर शिखर माझ्या नातवाने पाहिले असते.” आबांचे खरे आहे. सगळ्याच गोष्टींना ते आपल्याला जमणार नाही. पण मंजूर अंदाजपत्रकाच्या बाहेर एक रुपया जावयाचा असेल, त्यापुरता हा नियम लावून पाहावा. तेवढ्याने ‘जास्तीचे काम’ निम्म्यावर येईल.

आता पुढच्या बैठकीपुढचा प्रश्न. दुसऱ्या टप्प्यात नदीकडच्या बाजूला मोठे सभागृह बांधावे, पैसे कमी पडल्यास ठेकेदार थांबावयास तयार आहे, अशी सूचना आलेली आहे. सूचना मांडणारे कळकळीची माणसे आहेत. तरी मी तिला विरोध करणार आहे, तो येथेच सांगून ठेवतो. विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून कर्ज काढता येत नाही, आणि ठेकेदाराला वर्षभर थांबविणे हे माझ्या मते कर्जच, फक्त कागद नसलेले. दुसरे असे की शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. लोकांचे आयुष्यभराचे पैसे एका सकाळी मातीत गेले. तेव्हा नदीकडे पाया खणण्याआधी पूररेषेचा नकाशा टेबलावर यावा, मगच दराची चर्चा व्हावी.

त्याऐवजी गटार आणि स्वच्छतागृह आधी घ्यावे. कोणी म्हणेल, गटार महापालिकेचे काम आहे. भिंतीबाहेरचे तिचे आहे, त्यासाठी अर्ज करूच. आवारातले आपले आहे. समजा दोन्ही मिळून दहा लाख लागले. नायगावच्या नियमाने पाचवा हिस्सा दोन लाख, आणि पाचशे घरांत वाटला तर घरटी चारशे रुपये. भाडेकरू असो वा मालक, सर्वांना सारखेच. एवढे आधी जमले तर उरलेल्यासाठी देणगीदारांकडे ताठ मानेने जाता येईल. न जमले, तर गावाला ते काम नको आहे असे समजून मी गप्प बसेन.

सभामंडपाच्या दाराशी एक काळा फळा लावावा आणि दर महिन्याच्या एकादशीला जमा, खर्च आणि देणे, असे तीन आकडे खडूने लिहावेत, एवढी एक विनंती विश्वस्तांना आहे. फळा मी देतो. त्यावर माझे नाव घालू नये.

टाळकरी येऊन बसले आहेत, बुवांनीही दोनदा घड्याळाकडे पाहिले. मी आपली रजा घेतो. रामकृष्णहरी.