परातीतलं शुद्धलेखन



तुमच्यापैकी अनेकजण मोहल्ल्यातल्या मुलांचा अभ्यास घेता, म्हणून सांगतो. आपल्या घरात 'पानी' म्हणतात, शाळेत 'पाणी' लिहायचं असतं. उर्दू लिपीत ण आणि ळ ही अक्षरंच नाहीत. मूल चुकतं, वहीत लाल रेघा वाढतात आणि एक दिवस ते लिहायचंच सोडतं. त्याला 'दहा वेळा लिही' म्हणू नका. हाताला खेळ द्या.

परातीत रवा पसरा. 'बाळ', 'पाणी' मोठ्यानं म्हणत बोटानं लिहू द्या. चुकलं तर परात हलवायची, चूक गायब!

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं, काना, वेलांट्या, उकार लिहून कापा. 'फूल' जुळवा. आता 'फुलाला' करायचं, तर दीर्घ उकार काढून ऱ्हस्व लावावाच लागतो. नियम हातालाच कळतो.

अंगणात खडूनं दोन चौकोन आखा, न आणि ण. 'पान' ऐकलं की इकडे उडी, 'पाणी' ऐकलं की तिकडे.

एक मात्र पाळा. घरची बोली चुकीची आहे, असं मुलाला कधी म्हणू नका. 'पानी'ही त्याचं, 'पाणी'ही त्याचंच.