मेंदूला बसलेला धक्का : निदान प्रश्नांतून

(लखनौच्या अलीगंज भागातील आरोग्य कर्मचाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अलीगंजमध्ये कोणी दुचाकीवरून पडले, तर नातेवाईक त्याला गोमती ओलांडून किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरकडे नेतात. मोडलेले हाड क्ष-किरण चित्रात दिसते, मेंदूतील रक्तस्राव सी.टी. स्कॅनमध्ये दिसतो. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला सौम्य धक्का, बहुधा कशातच दिसत नाही. कारण त्यात मेंदूच्या रचनेपेक्षा कार्यात बिघाड झालेला असतो. स्कॅन निर्दोष म्हणजे मेंदू निर्दोष, ही समजूत म्हणूनच घातक ठरते.

देशात 2022 मध्ये 4,61,312 रस्ते अपघात झाले. त्यांत 1,68,491 जण मृत्युमुखी पडले आणि 4,43,366 जखमी झाले. या जखमींपैकी किती जणांच्या मेंदूला धक्का बसला, हे या आकड्यांतून कळत नाही.

क्रिकेटपटूच्या डोक्याला चेंडू लागला, तर त्याची तपासणी होते. 2019 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याच्या जागी बदली खेळाडूही घेता येतो. रिक्षाचालक मात्र दुसऱ्याच दिवशी रिक्षा चालवू लागतो. ही विषमता दूर करण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत.

1974 पासून प्रचलित असलेल्या ग्लासगो कोमा मापनात 3 ते 15 गुण असतात. पूर्ण 15 गुण मिळाले, तरी कन्कशन नाही असे ठरत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे, असेही नाही. म्हणून प्रत्येकाला विचारावे : आघाताच्या आधीचे व नंतरचे आठवते का? डोकेदुखी, मळमळ, भोवळ, उजेडाचा त्रास आहे का? महिन्यांची नावे उलट क्रमाने सांगता येतात का? तोल सांभाळता येतो का? नातेवाइकांना विचारावे : हा नेहमीसारखा वागतो का?

अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळालेली रक्तचाचणी स्कॅनची गरज ठरवण्यास साहाय्य करते. कन्कशनचे निदान तीही करीत नाही.

अखेरची गोष्ट घरी पाठवतानाच्या कागदाची. निदान त्यावर स्पष्ट लिहावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके, गुंगी किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवल्यास तत्काळ परत यावे, हे रुग्णाच्या भाषेत सांगावे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू काम. वाहन मात्र वैद्यकीय सल्ल्यानंतरच चालवावे. पाच मिनिटांचा हा संवाद एखाद्या कुटुंबाची रोजीरोटी वाचवू शकतो.