शून्य ते दहा
(स्नेहसंमेलनातील मनोगत)



संयोजक म्हणाले, प्रत्येकाने आपल्या क्षेत्राबद्दल पाच मिनिटं बोलायचं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअरचं. तुम्ही दोन मिनिटांत झोपाल. म्हणून दुसरंच सांगते. आपण पंचेचाळिशीच्या आसपास आलो. घरोघरी आई-वडिलांची ऑपरेशनं सुरू झाली आहेत.

गेल्या वर्षी माझ्या आईचा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. संध्याकाळी भूल उतरली. सिस्टर आल्या, म्हणाल्या, "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

आई म्हणाली, "दोन." हात मात्र पलंगाचा कठडा घट्ट धरून होता.

सिस्टर फसल्या नाहीत. "खोल श्वास घ्या. खोका बघू. आता पाय जरा हलवा." आईचे ओठ आवळले गेले. "आता किती?" "आठ."

मग त्यांनी समजावलं. दुखणं दाबून ठेवलं की माणूस वरवर श्वास घेतो, खोकत नाही, छातीत कफ साठतो. उठत नाही, म्हणून पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. नवा गुडघा आखडतो. म्हणजे दुखणं सांगणं हा उपचाराचाच भाग. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि ऑपरेशनच्या वेळची वेदना सुटायला लागली. नंतरची वेदना मात्र आजही विचारावी लागते. रक्तदाब यंत्र मोजतं, नाडी यंत्र मोजतं. वेदनेचा आकडा रुग्णालाच सांगावा लागतो.

डॉक्टरांनी पॅरासिटामॉल चालू ठेवून मॉर्फीनचा पंप लावला. बटण रुग्णाच्या हातात. दाबलं की ठरलेली छोटी मात्रा शिरेत जाते. पुढची काही मिनिटं कितीही दाबा, औषध येत नाही. मला फारच आवडलं. आम्ही सर्व्हरवर हेच करतो!

रात्री दोन वाजता आई झोपेत कण्हली. मी बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. तेवढ्यात सिस्टरनी पाहिलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "ताई, हे बटण फक्त आजींनीच दाबायचं." त्यांनी आईला हाक मारून जागं केलं, श्वास मोजले, ऑक्सिजन पाहिला. सगळं ठीक होतं. तरी पहाटेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा येऊन बघत राहिल्या.

मॉर्फीन जास्त झालं की गुंगी येते, श्वास मंदावतो. गुंगीतला माणूस बटण दाबू शकत नाही, म्हणून औषध आपोआप थांबतं. पंपाचं खरं कुलूप तेच. मायेपोटी मी ते तोडलं होतं. आणि ऑफिसात सुरक्षेची तपासणी कुणी बंद केली, की सगळ्यात मोठ्याने ओरडते ती मीच!

दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली. मी विचारलं, "आई, दोन का सांगितलंस?" म्हणाली, "अगं, त्या पोरी केवढ्या धावत होत्या. त्यात माझं रडगाणं कशाला?"

मला आपलं खो-खोचं मैदान आठवलं. गुडघा फुटला की बाई आयोडीन लावत आणि म्हणत, "शूर मुली रडत नाहीत." ते वाक्य मला आयुष्यभर पुरलं. फक्त दवाखान्यात जाताना ते चपलांबरोबर बाहेर ठेवावं.

तुमच्या घरी ही वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. नंतरच्या दुखण्याचं काय करणार, ते विचारा. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, रात्रीचं जोरात घोरणं, चालू असलेल्या गोळ्या, सगळं सांगा. घरी निघताना कोणती गोळी किती दिवस घ्यायची, ते लिहून घ्या. बद्धकोष्ठाचंही विचारा, लाजू नका. आणि माणूस हाक मारून नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार मंद वाटला, तर वाट न पाहता मदत बोलवा.

शेवटचं, बाई तुम्हाला. पुढच्या महिन्यात तुमचाही गुडघा आहे असं कळलं. गणित तुम्हीच शिकवलंत. उत्तर बरं दिसावं म्हणून आकडा बदलला की अख्खे मार्क कापायचात. सिस्टरनी विचारलं, तर खरा आकडा सांगा.