एकहाती संसार आणि घरातील चिमणी मुले
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'बालसंगोपन' हा विषय नेमून दिला. विषय अफाट, आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. म्हणून त्यातील एका कोपऱ्यापुरतेच बोलावयाचे आम्ही ठरविले आहे. ज्या घरी आई अगर बाप यांपैकी एकच उरला आहे आणि त्या एकालाच पोटासाठी राबावयाचे आहे, त्या घरातील लहानग्यांनी दिवसभर करावे तरी काय?

अशी घरे आपल्यात नाहीत, असे कोणी समजू नये. सिन्नरकडे विड्या वळून मुले वाढविणाऱ्या भगिनी आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करणारे विधुर आहेत, नवऱ्यापासून विभक्त झालेल्या मुली आहेत. त्यांच्याविषयी आपण बोलतो पुष्कळ. त्यांच्या मुलांशी बोलतो किती?

आमचाच दाखला देतो. १९९४ साली आमच्या कुटुंबाचे देहावसान झाले. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन. शेजारच्या आजींचा आधार होता. पण एके दिवशी त्या गावी गेल्या आणि मुलांना खोलीत ठेवून, बाहेरून कडी लावून आम्ही शाळेत गेलो. दुपारी परतलो तो मुलगा रडून निजला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, मला येत होत्या तेवढ्या सगळ्या गोष्टी सांगितल्या याला. संपल्या." दुसऱ्यांच्या चाळीस मुलांना शिकवून आम्ही आलो होतो! पुन्हा ती कडी आम्ही बाहेरून लावली नाही.

त्या सुमारास ताराबाई मोडकांचे चरित्र आमच्या वाचनात आले. १९१४ साली पदवीधर झालेली ही विदुषी. पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीला घेऊन त्यांनी नोकरी धरली आणि १९२३ साली भावनगरास गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्या दाखल झाल्या. पुढे १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९४५ साली बोर्डीस ग्रामीण मुलांसाठी काम सुरू झाले. तेथे त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ या बालविधवा. आपल्या नाशिक जिल्ह्यातही त्यांनी शिक्षिकेचे काम केले होते. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. आज गावोगाव दिसणारी अंगणवाडी ती हीच.

त्यांच्या शिकवणुकीतून आम्ही घरापुरते एवढे उचलले, की मुलाला खेळण्यापेक्षा काम अधिक आवडते. मात्र ते खरे हवे. तांबट आळीतून लहानसा तांब्या आणला आणि तुळशीला पाणी घालण्याचा मान मुलाला दिला. निम्मे पाणी ओट्यावर सांडे. फडकेही त्याच्याच हाती दिले. मुलगी मटार सोली, मूग आणि मटकी मिसळून दिली की वाट्यांत वेगळी करी. आम्ही वह्या तपासीत असू तेव्हा शेजारी त्यांचेही पाट मांडलेले असत. (चिंचोके, मणी तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत, नाकात किंवा घशात जातात. पाण्याची बादली आणि चूल यांपाशीही मोठे माणूस हवेच.) खेळणी निम्मी ट्रंकेत ठेवून आठवड्याने पालटली, तर जुनीच नवी वाटतात.

सर्वांत अवघड गेले ते गप्प बसणे. मास्तराचा स्वभाव! मुलाने हत्तीला पाच पाय काढले की आमचा हात खोडरबराकडे जाई. गुंग झालेल्या मुलास हाक मारू नये, त्याची चूक त्यालाच सापडू द्यावी, हे आम्हांस वर्षभराने साधले. आणि कामावरून आल्यावर पहिली पंधरा मिनिटे चहाही न ठेवता मुलांत बसले, तर पुढचा तासभर ती आपणहून रमतात. दमलेल्या आईने मुलाच्या हाती मोबाईल दिला म्हणून आम्ही तिला दोष देणार नाही. तिला उसंत हवी असते, आणि ती देण्यास आपण कोणी गेलेलो नसतो.

१९०७ साली रोम शहरातील सॅन लोरेन्झो वस्तीत असेच घडले होते. आईबाप कामावर जात आणि मागे मुले जिने, भिंती खराब करीत. घरमालकांनी इमारतीतलीच एक खोली दिली आणि मारिया मॉन्टेसरीबाईंची पहिली बालशाळा तेथे उभी राहिली. खोली प्रथम भिंती वाचविण्यासाठी दिली गेली, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या ज्ञातिगृहाचे सभागृह लग्नसराई सोडल्यास दुपारी कुलूपबंद असते. दहावी-बारावीच्या गुणवंतांना आपण दरवर्षी पारितोषिके देतो. पाच वर्षांच्या मुलासाठी अंदाजपत्रकात एक ओळ नाही. सोमवार ते शनिवार, तीन ते सहा, हे सभागृह अशा मुलांसाठी उघडावे, असा ठराव आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. सतरंज्या आहेतच. आमच्यासह तीन निवृत्त शिक्षक आळीपाळीने बसावयास तयार आहेत. किल्ली खजिनदारांकडे असते. ती सोमवारी दुपारी पावणेतीन वाजता मागावयास आम्ही येऊ.