कारखान्यांची वीज : सवलतीचा पाया

हिंगणघाटच्या सूतगिरण्यांतील चात्या रात्रीं दोन वाजतांही फिरत असतात. वीजकंपनीस असें गिऱ्हाईक मोलाचें. कारण घरोघरचे दिवे मालवले तरी वीजकेंद्रांचा ठरीव खर्च थांबत नाहीं.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानें मार्च 2020 मध्यें महावितरणचे दर ठरवितांना हाच विचार केला. बड्या कारखान्यानें आपल्या मागील सरासरी वापराहून अधिक वीज घेतली, तर वरच्या प्रत्येक युनिटास 75 पैसे सूट. ही सरासरी म्हणजे सवलतीचा पाया, आणि खरी मेख तेथेंच आहे. जी गिरणी वर्षानुवर्षें तिन्ही पाळ्या चालली, तिचा पाया उंच. तिनें आणखी वीज घ्यावी तरी कोठें? एखादी मंदींत निम्मी बंद राहिली, तर पूर्वपदावर येतांच ती सवलतीची धनीण. नित्य राबणाऱ्या सुनेपेक्षां सणाला एकदां चूल पेटविणारीचें कौतुक अधिक, तसाच हा न्याय!

त्यांत दैवाचा विनोद असा कीं, टाळेबंदी 25 मार्चपासून सुरू झाली आणि आदेश निघाला 30 मार्चला. वाढीव वापरास बक्षीस जाहीर झालें, तेव्हां बहुतेक यंत्रें थांबलेलीं होतीं.

तरीही सवलत व्यर्थ नव्हे. खरोखर वाढलेल्या युनिटाचा दर त्याच्या निर्मितिखर्चाहून अधिक असेल, तर वर्ध्यांतील बिऱ्हाडावरचा ठरीव खर्चाचा भार तेवढा हलका होतो. परंतु सवलतीवांचूनही जी वीज घेतली गेलीच असती, तिच्यावरील सूट अखेर त्याच बिऱ्हाडाच्या बिलांत उतरते. आयोगाच्या जाहीर सुनावणींत घरगुती ग्राहकालाही हरकत नोंदवितां येते. कारखानदारांचे प्रतिनिधी तेथें नेमानें हजर असतात.