तोशिको आकियोशी



पियानोवादक, संगीतकार आणि वाद्यवृंदाच्या सूत्रधार तोशिको आकियोशी यांचा जन्म १९२९चा, मांचुरियातला. महायुद्धात जपान हरला, घरदार गेलं आणि कुटुंब जपानला परतून बेप्पू शहरात राहू लागलं. आता घरात पियानो नव्हता. तो वाजवायला मिळावा म्हणून कोवळ्या वयातल्या तोशिकोंनी एका नृत्यगृहात नोकरी धरली. तिथे कुणीतरी जॅझ पियानोवादक टेडी विल्सनची तबकडी ऐकवली आणि त्या जॅझच्याच झाल्या.

पुढे टोकियोत जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसननं त्यांना ऐकलं आणि निर्माते नॉर्मन ग्रान्झ यांच्याकडे शब्द टाकला. १९५३ साली पहिलं ध्वनिमुद्रण झालं. १९५६मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या बोस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयात दाखल झाल्या. अमेरिकेत नाव झालं खरं, पण लोकांना नवल होतं ते किमोनो घालून पियानोवादक बड पॉवेलच्या ढंगात वाजवणाऱ्या जपानी मुलीचं. हे त्यांनीच पुढे मोकळेपणानं सांगितलंय.

माझ्या मते त्यांची खरी थोरवी त्यानंतरची. १९७३मध्ये लॉस एंजेलिसला पती, सॅक्सोफोनवादक ल्यू टबॅकिन यांच्यासह त्यांनी सोळा वादकांचा वाद्यवृंद उभारला. वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टननी आपल्या कृष्णवर्णीय समाजाचा अभिमान जॅझमध्ये मांडला होता. तोशिकोंनी त्याच जॅझमध्ये जपान आणला. त्यांची ‘कोगुन’ ही रचना ऐका. युद्ध संपून तीस वर्षं होत आली तरी फिलिपिन्सच्या जंगलात लढत राहिलेल्या सैनिकाची आठवण तिच्यामागे आहे. नोह या पारंपरिक जपानी नाट्यातल्या त्सुझुमी ढोलाची एक थाप पडते, वादकाची लांबलेली हाळी उठते, मध्ये मोठी शांतता. मग टबॅकिनची बासरी येते आणि ब्रास वाद्यं भरून येतात. यात जपानी रंग वरून फासलेला नाही. ढोल काढला तर रचनाच कोसळेल.

‘मिनामाता’मध्ये त्यांनी कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यानं उद्ध्वस्त केलेल्या गावाची व्यथा मांडली. हिरोशिमावरची त्यांची रचना ६ ऑगस्ट २००१ला हिरोशिमातच प्रथम सादर झाली.

ग्रॅमीसाठी त्यांना चौदा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. २००७मध्ये मात्र अमेरिकेनं ‘जॅझ मास्टर’ हा आपला सन्मान त्यांना दिला. श्रोतेहो, ‘कोगुन’ मिळवा आणि एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐका.