पगार न घेणारी पलटण

अमेरिकेतल्या यादवी युद्धातली ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण म्हटली की वॅग्नर किल्ल्यावरचा हल्ला आठवतो. १८ जुलै १८६३. गोरा कर्नल रॉबर्ट शॉ तटावरच पडला. जखमी कार्नीनं निशाण परत आणलं. मला मोठी वाटते ती त्यांची दुसरी लढाई. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. या कृष्णवर्णीय स्वयंसेवकांना १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापणार! त्यांनी पगारच घेतला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्य फरक भरून द्यायला तयार झालं, तर तेही नको म्हणाले. घरी बायकामुलांचे हाल, आणि हे मात्र लढतच होते. जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला. तोही अटीसकट: मागची सगळी बाकी हवी, तर युद्धाच्या आरंभी आपण गुलाम नव्हतो अशी शपथ घ्या. पैसे हातात पडायला सप्टेंबर उजाडला.